रविवारी फोन का उचलला नाही ते

ती. आई,
सा. न.

रविवारी तू तीनदा फोन केलास आणि मी उचलला नाही, उगाच काळजीत पडली असशील. नोव्हेंबरचा दुसरा रविवार होता, ह्या दिवशी इंग्लंडमधे युद्धात गेलेल्यांची आठवण काढतात, मी आमच्या गावातल्या स्मारकापाशी फोन बंद करून उभी होते. अकराला बिगुल वाजला आणि दोन मिनिटं सगळे गप्प, कडेवरची पोरंसुद्धा.

तसा तो दगडी क्रॉस मी रोज बसला जाताना बघते, पण खालची नावं कधी वाचलीच नव्हती गं. ह्यावेळी शेजारच्या आजींनी एकेका नावावर बोट ठेवून दाखवलं. मी विचारलं, ह्यांना इथेच पुरलंय का? तर म्हणाल्या, नाही, इथे कुणीच नाही. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून सरकारने मृतदेह घरी आणायला बंदीच केली, श्रीमंताचा असो की गरिबाचा, जो जिथे पडला तिथेच, आणि कितीतरी जणांचं तर काहीच सापडलं नाही. तेव्हा फ्रान्सला जाणं कुणाला परवडणार, म्हणून मग आया ह्या दगडापाशी फुलं ठेवायच्या, त्यांच्या लेखी हीच त्याची जागा. हे ऐकल्यावर मला तो क्रॉस आधीसारखा दिसेचना.

आणि हे सरकारने नाही बांधलेलं बरं का, गावोगावी लोकांनी वर्गणी काढून केलं. क्रॉस हवा की हॉल की चर्चला घड्याळ ह्यावरून भांडणं व्हायची, घरोघरी फिरून नावं गोळा करायची, तेव्हा एखादी आई नावच द्यायची नाही कारण बेपत्ता पोरगा परत येईल ही तिची आशा. आमच्या इथे नावं आडनावाच्या अक्षराने लावलीत, हुद्द्याप्रमाणे नाहीत, त्यामुळे जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्याच शेतावरचा गडी शेजारी शेजारी. मला हे फार आवडलं. वर १९१४-१९१९ कोरलंय, लढाई तर १९१८ च्या ११ नोव्हेंबरला थांबली, पण तह व्हर्सायला १९१९ मधे झाला म्हणून कितीतरी ठिकाणी असंच लिहितात. ज्या गावातले सगळे जिवंत परतले त्यांना इथे थँकफुल व्हिलेज म्हणतात, अख्ख्या इंग्लंड-वेल्समधे अशी पन्नासेकच.

बाबांना सांग, आपल्या लोकांचंही आहे. फ्रान्समधे नव शापेलला १९२७ साली भारतीय सैनिकांचं स्मारक झालं, ज्यांचा पत्ताच लागला नाही अशा ४,७०० हून जास्त जणांची नावं तिथे आहेत. पण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे, जिथे आपल्या मराठा पलटणी लढल्या, तिथल्या बसराच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं आणि साध्या शिपायांचा नुसता आकडा!! २०२१ मधे ही स्मारकं सांभाळणाऱ्या कमिशनने ह्या भेदभावाबद्दल माफी मागितली. इथे एका छोट्या गावाने एकेक नाव मिळवलं आणि तिथे माणसं मोजून सोडून दिली, मला फार लागलं ते.

शेवटी आजींनी मला वाकायला लावलं. १९३९-१९४५ ची नावं पार खाली पायथ्याशी बारीक अक्षरात दाटीने कोरलीत, कारण पहिल्यांदा दगड लावला तेव्हा आणखी जागा लागेल असं कुणाच्या मनातच नव्हतं. त्यातलं एक आडनाव वरच्या यादीतही आहे. मी विचारलं, काका-पुतण्या का? तर म्हणाल्या, बाप आणि मुलगा.

येत्या रविवारी नक्की फोन करते. बाबांना नमस्कार.

तुझीच