प्रति मा. आरोग्यमंत्री : आमचे बहात्तर तास कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहेत?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : इनडोअर (दाखल रुग्णाच्या) केसपेपरची प्रत ७२ तासांत देण्याच्या नियमाला वाली नेमण्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मी कोल्हापुरात मेडिकल रेकॉर्डचं काम शिकवतो. केसपेपर कसा लावायचा, किती वर्षं ठेवायचा, कुणाच्या हातात द्यायचा आणि कुणाच्या नाही, हे पोरांच्या डोक्यात उतरवणं हा माझा रोजचा धंदा. परवापर्यंत मी वर्गात छातीठोक सांगायचो की रुग्णाने मागितले की ७२ तासांत पेपर द्यावेच लागतात. आता ते वाक्य आलं की मागच्या बाकावरून हसू येतं. पोरांना सगळं कळलेलं असतं.

माझ्या वडिलांचे पेपर मला तेविसाव्या दिवशी मिळाले. रुग्णालय शहरातलंच, खासगी. नाव लिहीत नाही, कारण शेजारच्या गल्लीत वेगळं घडलं असतं याची मला खात्री नाही.

अर्जात लागतं ते सगळं होतं. आयपीडी नंबर (दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक), दाखल झाल्याची आणि मृत्यूची तारीख, मृत्यूचा दाखला, माझं आधार, नात्यासाठी रेशनकार्ड. अर्ज दोन प्रतींत, कारण एका प्रतीवर तारीख आणि वेळ टाकून पोच घ्यायची असते. घड्याळ तिथून चालू होतं. पोच काही मिळेना. ‘शिक्का सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे, सर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत.’ दुसऱ्या दिवशी, ‘फाइल इन्शुरन्सकडे गेलीय.’ वडिलांचा विमाच नव्हता. तिसऱ्या दिवशी, ‘कोर्टाची ऑर्डर आणा.’ पुढच्या आठवड्यात काउंटरवरच्या मुलाने खालच्या आवाजात सांगितलं, ‘काका, पुरात गेलं असेल बघा.’ साहेब, २०१९ चा पूर आम्ही सोसला, २०२१ चाही सोसला. वडील दाखल झाले मार्चमध्ये. मार्चमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी गाठत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. शेवटी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि पोस्टाची पोचपावती हीच तारीख धरली. वाचकांपैकी कुणावर ही वेळ आली तर पहिल्याच दिवशी अर्ज पोस्टाने पाठवा आणि पोच मिळवा. काउंटरशी वाद घालण्यात माझे आठ दिवस गेले.

हातात आली ती ३१ पानं. मुक्काम नऊ दिवसांचा. सिस्टरच्या नोंदी सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्यांच्या, म्हणजे सत्तावीस व्हायला हव्यात. त्या झाल्या आहेत, पण सगळ्या एकाच तिरप्या अक्षरात. नऊ दिवस, नऊ रात्री एकच सिस्टर जागी होती म्हणायची. चौथ्या रात्रीच्या बीपीचा आकडा बाकीच्यांपेक्षा ठळक आहे, आणि त्याच्या खालची छापील रेघ बोटभर तुटलेली आहे. झेरॉक्समध्ये व्हाइटनर दिसत नाही, पण तो रेघ खातो. मी हे फळ्यावर काढून दाखवत आलोय. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी दुरुस्ती, सही, तारीख, वेळ. काही लिहायचं राहून गेलं तर ‘लेट एंट्री’ म्हणून लिहायचं आणि वेळ आत्ताची टाकायची, तेव्हाची नाही. वडिलांचा चौथ्या रात्रीचा बीपी किती होता, ते आता त्या व्हाइटनरलाच ठाऊक.

संमतीपत्रही आहे. प्रोसिजरच्या नावाची ओळ कोरी, खाली सही माझी. दरवर्षी कोऱ्या संमतीपत्रावर अख्खा तास घेणारा मी. असो.

मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, म्हणजे फॉर्म ४ मध्ये, पहिल्या ओळीवर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. हृदय आणि श्वास थांबला. हे कारण नव्हे, मरण्याची रीत झाली. जगातला प्रत्येक माणूस तसाच मरतो. फॉर्मवरच्या सूचनांतही हेच सांगितलेलं असतं. (अ) मध्ये लगेचचं कारण, (ब) मध्ये ते कशामुळे, (क) मध्ये सगळ्याच्या मुळाशी असलेला आजार. आमचा (ब) आणि (क) कोरा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं बंधनकारक झालं, ही चांगली गोष्ट. त्यामुळे कोरी जागा आता आम्हाला कायदेशीररीत्या घरपोच मिळते.

आता कायदा. आपल्या टेबलावर असेलच, तरी सांगतो, कारण गोम तिथेच आहे.

७२ तास येतात भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतून. इनडोअर रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवा, मागणी आली की पोच द्या आणि ७२ तासांत कागद द्या. न दिल्यास व्यावसायिक गैरवर्तन. वाचायला झकास. पण हा नियम कुणावर आहे? डॉक्टरवर. नोंदणीकृत डॉक्टर, व्यक्ती म्हणून. फाइल कुणाकडे असते? रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजरची काही वैद्यक परिषदेत नोंदणी नसते. ज्याच्या ताब्यात कागद आहे त्याला हा नियम नाही, आणि ज्याला नियम आहे तो म्हणतो, ‘मी तर फक्त व्हिजिटला येतो.’ तक्रार करायची मुंबईला, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, आणि तिचा निकाल त्याच नियमांप्रमाणे सहा महिन्यांत. ७२ तासांच्या चुकीचा निवाडा सहा महिन्यांत, तोही वेळेत लागला तर.

रुग्णालयाची नोंदणी वेगळ्या कायद्याखाली, १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग बघतो. म्हणजे डॉक्टरची परिषद वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, रुग्णालयाचा कायदा आपल्याकडे, महापालिका नगरविकासकडे. मेलेल्या माणसाच्या ३१ पानांसाठी तीन खाती. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतला नाही, आमचा आम्ही करू म्हणाला. ‘आमचा’ म्हणजे १९४९ चाच. २०२१ साली त्याच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं. वडील होते त्या रुग्णालयातही ती होती, छान फ्रेममध्ये, वॉटर कूलरच्या वर. तिच्याच खाली उभं राहून मी कोर्टाच्या ऑर्डरबद्दल ऐकलं.

आणि कोर्टाचंच काढलं म्हणून सांगतो. रुग्णाला स्वतःचे पेपर देताना गोपनीयतेचा बहाणा चालणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलं आहे. गोपनीयता तिऱ्हाइतापासून असते, ज्याचा आजार आहे त्याच्यापासून नव्हे. कागद रुग्णालयाच्या मालकीचा, त्यातली माहिती रुग्णाची. म्हणून मूळ फाइल तिथे राहते आणि प्रत आपल्याला मिळते. पहिल्या तासाला शिकवतो मी हे.

किती वर्षं ठेवायचं, हे शिकवताना मात्र घाम फुटतो. आचारनियमांत तीन वर्षं, तीही उपचार सुरू झाल्यापासून. डायलिसिसच्या रुग्णाचं चौथं वर्ष चालू असतं आणि त्याच्या पहिल्या महिन्याचा कागद नियमाने रद्दीत जाऊ शकतो. सोनोग्राफीचं रेकॉर्ड दोन वर्षं. गर्भपाताचं रजिस्टर कॅलेंडर वर्ष संपल्यापासून पाच वर्षं, आणि तेही गोपनीय. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची केंद्राची २०१६ ची मानकं म्हणतात, रुग्णाच्या हयातभर. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं, पण लहान मूल असेल तर सज्ञान होईपर्यंत दाव्याची शक्यता शिल्लक, म्हणून बाळंतपणाची फाइल शहाण्या रेकॉर्ड रूममध्ये कुणी हलवत नाही. एमएलसीची, म्हणजे पोलीस केस झालेल्या रुग्णाची फाइल तर केस संपेपर्यंत हलवायचीच नाही. विद्यार्थी विचारतात, ‘सर, परीक्षेत कुठला आकडा लिहू?’

मध्यंतरी वाटलं, सुधारलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवे नियम काढले: शेवटच्या भेटीपासून तीन वर्षं, तीन वर्षांत सगळं डिजिटल, आणि ७२ तासांऐवजी पाच कामाचे दिवस. मी नोट्स बदलल्या, झेरॉक्स काढल्या. २३ ऑगस्टला आयोगाने नियम स्थगित केले आणि २००२ चे परत आणले. तीन आठवड्यांचा कायदा! आमच्याकडे गणपतीची वर्गणीसुद्धा याहून जास्त दिवस चालते. आज लागू आहेत ते नियम ज्या परिषदेने केले, ती परिषदच २०२० साली गुंडाळली गेली.

रुग्णालयांना कागद ठेवता येत नाहीत, असं मात्र कुणी सांगू नये. सोनोग्राफी सेंटरमध्ये जाऊन एफ फॉर्म बघा, गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरतात तो. पत्ता, मुलांची संख्या, कुणी पाठवलं, कशासाठी, दोन्ही घोषणापत्रं, सह्या, तारखा. कारण तिथे नोंदीतली त्रुटी हाच कायद्याचा भंग धरला जातो आणि तो झाला नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. एफ फॉर्म ऑनलाइन भरायला लावलं ते या कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी. त्याविरुद्ध रेडिओलॉजिस्ट उच्च न्यायालयात गेले आणि २०११ साली हरले. म्हणजे त्याच इमारतीत, त्याच डॉक्टरांकडून, एक कागद काटेकोर आणि दुसरा व्हाइटनरने रंगवलेला. दात असलेल्या कायद्याचा कागद नीट राहतो, बिनदाताच्या कायद्याचा पुरात जातो.

रेकॉर्ड रूमची बाजूही सांगतो, नाहीतर काउंटरवरच्या त्या मुलावर अन्याय होईल. हिशेब बोटांवरचा आहे. शंभर खाटा, सत्तर टक्के भरलेल्या, सरासरी मुक्काम चार दिवस, तर वर्षाला सहा हजारांवर फायली. फाइल दीड सेंटिमीटर जाड धरली तर शंभर मीटरच्या आसपास रॅक, तीन वर्षांचं तिप्पट. डिस्चार्ज झाल्यावर फाइल क्रमाने लावायची, अपुऱ्या सह्या शोधून डॉक्टरकडे परत पाठवायची, आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड टाकायचा, नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांप्रमाणे रॅकला लावायची आणि फाइल बाहेर गेली तर तिच्या जागी ट्रेसर कार्ड ठेवायचं, कुणी नेली, कधी नेली. हे कार्ड असतं तर ‘इन्शुरन्सकडे गेलीय’ म्हणायची सोयच उरत नाही. या सगळ्याला माणूस किती? बहुतेक ठिकाणी एक, तोही बिलिंगला हात लावून मोकळा झाला तर. खोली कुठली? तळमजल्यावरची, जिन्याखालची, जिथे पेशंट ठेवता येत नाही ती. पूर आला की पहिलं पाणी तिथेच शिरतं. दोन पूर बघूनही रॅक वरच्या मजल्यावर न्यायची कुणाला सुचत नाही.

माझं मागणं चारच गोष्टींचं आहे. ७२ तासांची जबाबदारी नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णालयावर, म्हणजे नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर टाका, आणि उशिराला दिवसागणिक दंड ठेवा. अर्जाची पोच तिथल्या तिथे, तारीख-वेळेसह, शिक्का कुणाच्याही ड्रॉवरमध्ये असला तरी. प्रतीचा दर ठरवा. २००२ च्या नियमात तो नाही, म्हणून काउंटर वाटेल तो सांगतो. माहिती अधिकारात पानाला २ रुपये आहे, तोच लावा. आणि अमुक खाटांमागे एक प्रशिक्षित रेकॉर्ड कर्मचारी नोंदणीच्या वेळीच तपासा, जशी नर्स तपासता तशी. याला पैसे लागत नाहीत. लागलेच तर रुग्णालयाचे लागतील, शासनाचे नाही, तेव्हा वित्त विभागाचं कारण कृपया नको.

डिजिटलचं सांगू नका. आभा कार्ड, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्र, माझ्या वडिलांचंही होतं. चौदा अंकी नंबर, पाठ झालाय. त्या खात्यात त्यांच्या नऊ दिवसांचं एक पानही नाही, कारण कुणी जोडलंच नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा २५० कोटींपर्यंत दंडाची भाषा करतो, पण तो डिजिटल माहितीला. जिन्याखालच्या रॅकमधल्या कागदाला तो शिवत नाही. आधी कागद, मग ‘क्लाउड’चा ढग. हे राज्य मात्र नेमकं उलटीकडून सुरू होतं : आधी ॲप, मग उद्घाटन, मग सेल्फी पॉइंट, आणि शेवटी कुणीतरी विचारतं की नोंद करणारा माणूस कुठे आहे. वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं, आम्ही पेढे वाटले. आता मुंबईला जायची गरज नाही. फक्त तिथे दाखवायला जो कागद लागतो, त्याच्यावर व्हाइटनर आहे.

३१ पानांची प्रत आणि रजिस्टर पोस्टाची पावती या पत्राच्या टपालाने पाठवलेल्या प्रतीला जोडली आहे. चौथ्या रात्रीचं पान एकोणीस नंबरचं. उजव्या बाजूला तुटलेली रेघ बघावी. आणि पत्राचा आवक क्रमांक तेवढा कळवावा, ही विनंती. सोमवारी आवक नोंदवहीचा धडा आहे, पोरांना खरा नंबर दाखवता येईल.

आपला,
मेडिकल रेकॉर्डचा एक शिक्षक
राजारामपुरी, कोल्हापूर