काका, त्या एका प्रश्नाबद्दल जाहीर आभार

नमस्कार काका,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंयत म्हणून नुसतं काका, पण आभार चारचौघांतच मानणार, त्याला इलाज नाही.

स्कॅन केलेला नकाशा कॅलिब्रेट करून (म्हणजे त्यावरच्या काही जागांना त्यांचे अक्षांश-रेखांश देऊन) घरबसल्या वेपॉइंट, म्हणजे वाटेवरच्या खुणेच्या जागा, मारले, जीपीएसमध्ये टाकले आणि वाटेवर उभं राहून बघतो तर खिंडीचा पॉइंट शेजारच्या उतारावर, ओढ्याचा पॉइंट कोरड्या रानात. खूप जणांना विचारलं, सगळे म्हणाले जीपीएस बदल. तुम्ही मात्र उलट मलाच विचारलंत, "सगळे पॉइंट एकाच दिशेला सारखेच सरकलेत, का नकाशाच्या एका कोपऱ्याकडे जाईल तसा फरक वाढतोय?"

बास, तिथेच अर्धं काम झालं. सारखेच सरकले असतील तर डेटमचा (म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याचा) घोळ, आणि फरक वाढत जात असेल तर एखादा कॅलिब्रेशन पॉइंट गंडलाय नाहीतर घडीचा कागद स्कॅनरवर नीट सपाट बसला नव्हता. माझे सगळे एकाच बाजूला होते. मग तुम्ही नकाशाच्या समासातली ती बारीक अक्षरं वाचायला लावलीत, तिथे जुना डेटम छापलेला, आणि जीपीएस आपला डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर, या दोघांत शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे सहज होतात म्हणे. सॉफ्टवेअरमध्ये नकाशाचा डेटम निवडला आणि खिंड खिंडीत आली!

दुरुस्त केलेली फाइल तुम्ही पाच मिनिटांत पाठवू शकला असतात, पण नाही पाठवलीत, त्याबद्दल जास्त आभार. चार कोपऱ्यांचे पॉइंट दिले की मधलाच एखादा न वापरलेला ग्रिडचा (छापील आडव्या-उभ्या रेघांचा) छेद शोधायचा, कर्सर तिथे न्यायचा आणि आकडे छापील आकड्यांशी जुळतात का बघायचं, हे आता हाताला बसलंय. आणि कॅलिब्रेट केल्यावर इमेज क्रॉप किंवा लहान-मोठी करायची नाही, कारण सगळा हिशोब पिक्सेलवर बांधलेला असतो, हे तर कुणीच सांगत नाही राव.

मी स्कॅनसाठी ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके) मागे लागलो होतो तेव्हा तुम्ही गणित करून दाखवलंत, १:५०,००० च्या नकाशावर १ मिमी म्हणजे ५० मीटर, ३०० डीपीआयलाच एक पिक्सेल ४ मीटरच्या आसपास येतो, आणि वाटेची छापील रेघ अर्धा मिमी जाड धरली तरी जमिनीवर २५ मीटर, मग बारीक पिक्सेल घेऊन करायचंय काय. पटलं एकदम.

पण सगळ्यात कामाला आलं ते फाट्याचं. मी फक्त फाट्यावर पॉइंट मारायचो, तुम्ही म्हणालात बरोबरच्या वाटेवर थोडं पुढेही एक मार, म्हणजे वळल्यावर अंतर कमी होतंय का वाढतंय ते लगेच कळतं. धुक्यात याच्यासारखा आधार नाही.

आता पुढचा त्रास देतो, चालेल ना? शेजारशेजारच्या दोन शीट जोडल्यात, डेटम एकच, ग्रिड कडेला तंतोतंत जुळतंय, पण वाट एका शीटवर जिथे संपते त्याच्यापासून अर्धा सेंटिमीटर बाजूला दुसऱ्या शीटवर सुरू होते, आणि दोन्हींच्या सर्व्हेची सालं वेगळी आहेत. नव्या सर्व्हेची धरू का काँटूर (समान उंचीच्या रेघा) बघून मधून काढू? सवडीने सांगा.