मनूला फोन दे आणि तू आगरात जा

कोलंबस, ओहायो
८ मार्च २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा परवाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप ऐकला. मागे फवारणीचा पंप चालू होता, त्यामुळे निम्मा कळला नाही. कळलं ते एवढंच, की मनूचं बीएस्सी यंदा संपतंय, तिने अमेरिकेत येऊन एमएस करावं असं तुझ्या मनात आहे, ती लॉ म्हणतेय, आणि आत्या इथे हेच काम करते तर आत्याने तिला समजवावं. फोनवर आपलं बोलणं पाच मिनिटांत आंब्याच्या भावावर घसरतं, म्हणून लिहायला बसले. वहिनीला वाचून दाखव. मधली पानं गाळू नकोस.

आधी माझ्या कामाचं. तू सगळ्या मुरूडला सांगितलंयस की बहीण अमेरिकेत अ‍ॅडमिशनला आहे. अ‍ॅडमिशन देणारे लोक वेगळे, त्यांच्या इमारतीत माझं जाणंही होत नाही. मी बसते ती पदवीच्या मुलांना पुढचं सुचवणाऱ्या विभागात. मास्टर्स करू का, पीएचडी करू का, लॉला जाऊ का, असे प्रश्न घेऊन मुलं येतात. इथे बारावीनंतर थेट लॉ नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांचं जेडी. पदवी कुठलीही चालते. अमेरिकन बार असोसिएशनने एकही विषय सक्तीचा केलेला नाही. संगीत शिकलेली मुलगी जाते, केमिस्ट्रीवालाही जातो. म्हणजे विचार करायला चार वर्षं हातात असतात, आणि तीन वर्षं निघून गेल्यावर पोरं माझ्या दारात उभी राहतात. कॉलेजची मुलं सगळीकडे सारखीच रे.

"मला वकील व्हायचंय" म्हणणाऱ्याला मी "का" विचारत नाही. त्याचं उत्तर पाठ केलेलं असतं, लहानपणापासून अन्यायाची चीड वगैरे. मी विचारते, कुठल्या वकिलाला काम करताना पाहिलंयस? बहुतेकांनी टीव्हीवर पाहिलेला असतो. मग आमची वरात निघते. ओहायोचं सर्वोच्च न्यायालय इथेच आहे आणि सुनावणी कुणालाही बसून ऐकता येते. पहिल्यांदा गेलेल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. वकील तयारी करून आलेला असतो, दोन वाक्यं होतात न होतात तोच न्यायमूर्ती मध्येच प्रश्न टाकतात, आणि पुढचं भाषण तिथेच राहतं. टेबलावर हात आपटणं नाही, साक्षीदाराला रडवणं नाही. अर्धा तास एका कलमातल्या एका शब्दावर कीस. बाहेर आल्यावर काहींचे डोळे चमकत असतात आणि काही म्हणतात, बाप रे, हे रोज? दोघांचाही फायदाच झालेला असतो.

दुसरं एक काम देते. कुणा वकिलाला फोन करायचा आणि "या क्षेत्राबद्दल सांगा" असं अजिबात म्हणायचं नाही. विचारायचं, काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय केलंत? एका मुलीला उत्तर मिळालं, "काल? एका गोदामाच्या भाडेकराराची सत्तर पानं वाचली, तिसऱ्यांदा." तिने लॉचा नाद सोडला, आता शाळेत शिकवते आणि मजेत आहे. तिच्या वडिलांनी मात्र आमच्या कार्यालयात फोन करून मला झापलं. त्यांचं पुढे सांगते, कारण तो भाग तुझ्याही उपयोगाचा आहे.

यानंतरची तयारी म्हणजे परीक्षा आणि कागद. लॉसाठी एलसॅट, गुण १२० ते १८० मध्ये. पूर्वी त्यात कोण कुणाच्या शेजारी बसलंय छापाची कोडी असत, ऑगस्ट २०२४ पासून ती काढून टाकली. आता उरलंय ते वाचन आणि युक्तिवाद: उतारा वाचा, माणूस काय गृहीत धरून बोलतोय ते पकडा. क्लास लावून थोडा फरक पडतो, पण ज्याला एका बैठकीत दहा पानं वाचायची सवय नाही त्याला कुठलाच क्लास तारत नाही. फी परवडत नसेल तर माफी मिळते, आणि ज्यांना ती सगळ्यात गरजेची तेच अर्ज करायला लाजतात. तो अर्ज मी समोर बसवून भरून घेते.

कागदांत शिफारसपत्र आणि स्वतःबद्दलचं निवेदन. शिफारसपत्राचं आपल्याकडे काय होतं तुला ठाऊक आहे: सर म्हणतात, तूच टाइप करून आण, मी सही करतो. तसलं पत्र इथला माणूस दोन ओळींत ओळखतो. मनूला सांग, पुढे काहीही कर, पण एका तरी सरांकडे वर्ग सुटल्यावर खरोखरीचा प्रश्न घेऊन जा. वर्षभर गेलीस की ते सर आपण होऊन लिहितील.

निवेदनाचा एक किस्सा सांगते. एक मुलगा आला, बाप ट्रकचालक, घराण्यात कॉलेज पाहिलेला हा पहिलाच. कागदावर सगळं 'समाज', 'परिवर्तन', 'नेतृत्व'. मी म्हटलं, मोठ्याने वाच. तिसऱ्या ओळीला तो स्वतःच अडखळला. मग इकडचं तिकडचं बोलताना निघालं की वडिलांना चुकीचा दंड लागला होता, यानेच नियमाचं पुस्तक शोधून वाचलं, तारखा जुळवल्या, पत्र लिहिलं आणि दंड रद्द झाला. हे का नाही लिहिलंस? तर म्हणतो, "ते तर घरचं काम होतं." तेव्हा तो सतरा वर्षांचा होता! नवा मसुदा त्याने दुसऱ्या दिवशी आणला, दीड पानाचा. त्यात एकही मोठा शब्द नव्हता.

आता मनूवर येते. मागल्या मे महिन्यात मी घरी होते तेव्हा ती ओटीवर काय करत बसली होती, आठवतं? खालच्या आगराचा सातबारा. आपल्या नेहमीच्या कोकणी थाटाचा, गावकीच्या पंगतीइतकी नावं, त्यातली निम्मी माणसं कधीच वर गेलेली. तिने जुन्या कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला पणजोबांपासून वंशावळीचं झाड काढलं, एकेक फेरफार क्रमांक घेऊन कुणाची वारसनोंद झाली आणि कुणाची राहिली ते लाल-निळ्या पेनाने लिहिलं, कुणाचा मृत्यूचा दाखला आणायचा त्याची यादी केली, आणि तलाठ्याने "हे असंच असतं" म्हटल्यावर "का असतं?" विचारून परत आली. शिवाय २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना मुलांइतकाच हक्क आहे म्हणून माझं नाव त्या झाडात ठळक लिहिलं. तू तेव्हा सुपारी कातरत गप्प बसलास, ते मी पाहिलं. घाबरू नकोस, मला आंब्याची कलमं नकोत. पण ती पोर काय करत होती ते तुला दिसलं का? तूही त्याला घरचं कामच समजलास.

अमेरिकेतल्या एमएसचं स्पष्टच सांगते. शास्त्रशाखेतली पीएचडी इथे बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या खर्चाने होते. फी माफ, वर महिन्याला पगारवजा विद्यावेतन, आणि बऱ्याच विषयांत त्याआधी मास्टर्स लागतही नाही. एमएसचं तसं नाही, तिथे बहुतेक वेळा पैसे आपणच भरायचे. पुण्याच्या ज्या कन्सल्टंटकडे तू गेला होतास त्याने आठ विद्यापीठांची यादी दिली आणि निवेदनही लिहून देतो म्हणाला, पण हा फरक सांगितला नाही. मनूला संशोधनाचं वेड असतं तर मीच म्हटलं असतं, थेट पीएचडीला अर्ज कर. तिला ते आहे का? तिने तीन वर्षांत प्रयोगशाळेबद्दल मला एक वाक्य लिहिलेलं नाही. कर्ज काढून दोन वर्षं इथे काढायची, मग कामाचा परवाना, मग व्हिसा, हे सगळं आवड नसलेल्या विषयासाठी कशाला? आणि इथलं जेडी तर डोक्यातूनच काढ. नावाजलेल्या खाजगी लॉ स्कूलची नुसती फी वर्षाला ७० हजार डॉलरच्या पुढे आहे.

तिकडे मात्र रस्ता सरळ आहे. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अर्जाच्या तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर तिने स्वतः बघाव्यात, शेजाऱ्याच्या फॉरवर्डवर विसंबू नये. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर लॉ कॉलेज आहे. गुण चांगले पडले तर मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं आयएलएस. नंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद. तिच्या खर्चाची धास्ती नको. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला ७५० रुपयांवर आणून ठेवलंय. वर अखिल भारतीय बार परीक्षा. तू वहिनीला म्हणालास ना, "निदान जज्ज तरी होऊ दे"? तर तेही लगेच नाही. मे २०२५ च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली लागते. मला हे बरंच वाटतं. कोर्टाचा जिना न चढलेल्या पोराने निकाल कसा द्यायचा?

आणि "गावात वकिलीला काय आहे" या तुझ्या प्रश्नाला उत्तर: गावातच आहे. गेल्या ऑगस्टपासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतंय आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे आहे. (दापोलीकराला कोल्हापूर जवळ की मुंबई, हा वाद तुम्ही घाला.) ऑक्टोबरात मंडणगडला कोर्टाची नवी इमारत झाली, उद्घाटनाला तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आले होते, तूच फोटो पाठवले होतेस. शिवाय आपल्या किनाऱ्यावर सीआरझेडशिवाय, म्हणजे किनारपट्टीच्या बांधकामाच्या नियमांशिवाय, आता वीटही हलत नाही. १९९१ ची अधिसूचना, मग २०११, मग २०१९, आणि दर वेळी भरतीरेषा, अंतर, लोकवस्ती यांचे हिशेब नवे. होमस्टेवाला, मच्छीमार, ग्रामपंचायत, सगळे कुणातरी माहीतगाराला शोधत असतात. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे, आणि तिथे न्यायाधीशाशेजारी विज्ञानातले तज्ज्ञ सदस्य बसतात. खारफुटी म्हणजे काय हे पुस्तकाबाहेर माहीत असलेली बीएस्सी वकील तिथे उभी राहिली तर तुझं बीएस्सीचं शिक्षण वाया गेलं असं म्हणशील?

बाहेरचं जग बघायचंच असेल तर तेही पुढे आहे. एलएलबी झाल्यावर एक वर्षाचं एलएलएम परदेशात करता येतं. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते, म्हणजे आधी कोर्टात घासायचं आणि मग दुसऱ्याच्या पैशाने शिकायचं. हा क्रम मला पटतो.

एक राहिलं. महर्षी अण्णा कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून सातारपर्यंत चालत गेले आणि तिथे कमिटीने "लहान दिसतोस" म्हणून परत पाठवलं, ही गोष्ट तू मनूला जिद्दीची म्हणून सांगतोस. मला ती ऐकताना दर वेळी त्या कमिटीचाच राग येतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांच्या मनात ती कमिटी बसलेली असते: मी वकिलासारखा दिसत नाही, माझं इंग्रजी तसलं नाही, आमच्याकडे कुणी नाही. मनूच्या मनात ती बसवू नकोस. "आपल्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही" हे तू अभिमानाने म्हणतोस खरा, पण तिला ते वेगळंच ऐकू येतं.

तर करायचं ते असं. परीक्षा झाली की तिला आठवडाभर दापोलीच्या कोर्टात मागच्या बाकावर बसू दे. जमिनीचे दावे चालतात तिथे मुद्दाम बसावं, तेच तिचं आहे. एखाद्या वकीलबाईंकडे, तुझ्या ओळखीच्या नकोत, तिने स्वतः जाऊन विचारावं, काल तुम्ही काय केलंत. कंटाळली तर कंटाळली. मग एमएस्सीचं बोलू. नाही कंटाळली तर सीईटीचा अभ्यास. इंग्रजी वाचनाचं मी बघते, रोज एक संपादकीय आणि त्याचा मुद्दा तीन ओळींत मराठीत लिहून मला पाठवायचा. मी लाल पेन घेऊन बसेन.

सध्या माझा घाईचा महिना आहे. पीएचडीच्या विद्यावेतनाला होकार-नकार कळवायची मुदत बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिल असते, त्यामुळे दोन-दोन पत्रं घेऊन आलेली मुलं दिवसभर दाराशी असतात. तरी रविवारी तुमच्या रात्री साडेआठला मी फोन करीन. आणि त्या झापणाऱ्या वडिलांचं सांगायचं होतं. त्यांना मी म्हटलं, १९७४ चा कायदा आहे, तुमच्या मुलीच्या नोंदींबद्दल तिच्या परवानगीशिवाय मी तुमच्याशीही बोलू शकत नाही. ते आणखी भडकले, पण कायदा तो कायदा. मुरूडला तो लागू नाही हे मला माहीत आहे. तरी रविवारी फोन आला की मनूच्या हातात दे आणि तू टॉर्च घेऊन आगरात जा, रानडुकरं आली का बघ. स्पीकरवर टाकू नकोस, वहिनीलाही दाराआड उभी करू नकोस.

आईच्या गुडघ्याला तेल लावता ना? मोहोर कसा आहे ते लिही, भाव नको.

तुझी,
बेबी