अडतीस मिनिटांच्या पुढची गोष्ट

संपादक साहेब,
पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटाची इंग्रजांशी झालेली लढाई ३८ मिनिटांत संपली एवढंच सगळे लिहितात, तुमच्या पुरवणीत पण तेच, पण खरी मजा तर त्यानंतर आहे. २७ ऑगस्ट १८९६ ला इंग्रजांच्या तोफांनी राजवाडा कोसळल्यावर, इंग्रजांना नको असलेला तिथला सुलतान खालिद बिन बरघश पळाला तो थेट जर्मन वकिलातीत, आणि इंग्रजांनी त्याच्याच चुलत भावाला, हमूदला, गादीवर बसवलं. इंग्रज म्हणतात आमच्या ताब्यात द्या, जर्मन म्हणतात राजकीय माणूस आहे, करारात बसत नाही. बाहेर इंग्रजांचे शिपाई पहाऱ्यावर, झांझिबारच्या मातीवर पाय ठेवला की पकडायचाच! मग २ ऑक्टोबरला भरती आली तशी जर्मन होडी वकिलातीच्या दारालाच लागली, गडी होडीतून जहाजावर आणि तिथून जर्मनांच्या ताब्यातल्या दार-ए-सलामला. एकदम वकिली डोकं बघा. शेवटी १९१६ ला इंग्रजांना सापडलाच म्हणा.
आम्हा सातारकरांना हे नवीन नाही, १८३९ ला इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवरून प्रतापसिंह महाराजांना काढून भावाला बसवलं तेव्हा हाच डाव होता, फक्त महाराजांना शेजारी जर्मन वकिलात नव्हती, काशीला जावं लागलं. यावर पण एकदा छापा की.
एक वाचक, सातारा