हैदराबादच्या अनोळखी भावाबहिणींनो, आभार

कपाशीची वेचणी आटोपली आणि पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायका एका दिवसासाठी हैदराबाद पाहून आल्या. तिथं मदत करणाऱ्यांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून इथं लिहिते.

सालारजंग संग्रहालयातले रखवालदार दादा, बाराच्या ठोक्याआधी तुम्ही आमच्या सासूबाईंना पुढं बसवलंत. तिथल्या मोठ्या घड्याळातून चिमुकला दाढीवाला बाहुला निघून टोले देऊ लागला, तेव्हा त्यांचं "माय वं!" अख्ख्या गर्दीनं ऐकलं.

लाड बाजारातल्या बांगडीवाल्या चाचांनी तर दुकान सोडून शिकवणीच घेतली. लाख शेकून मऊ कशी करतात, कडं कसं वळतात, वर खडे कसे बसवतात, सगळं दाखवलं. नंतर आम्ही घासाघीस केलीच, तो भाग वेगळा! त्यांची दखनी, आमची वऱ्हाडी. भाव मात्र दोघांनाही नीट कळत होता.

१५९१ सालच्या चारमिनारच्या अरुंद जिन्यात काकूंना हात देणाऱ्या कॉलेजच्या पोरींनो, आणि रात्री बसपर्यंत सोडून वरचे पैसे न घेणारे रिक्षावाले भाऊ, तुमचेही आभार. पैनगंगा ओलांडून कधी इकडं आलात, तर ज्वारीची भाकर न् वांग्याचं भरीत आमच्याकडं.