श्रवणयंत्र मिळाले, पण सेलचे पैसे कोणी द्यायचे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमारास आपल्या इंदूर शहरात उपकरणवाटपाची शिबिरे होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. तिचाकीवर बसलेला मुलगा, कानामागे नवे श्रवणयंत्र लावलेली मुलगी, मागे उभी असलेली पाहुणे मंडळी. ती छायाचित्रे पाहून मला मनापासून बरे वाटते, कारण ज्या घरात असे मूल आहे त्या घराला एक उपकरण मिळणे म्हणजे काय असते, हे मी जाणते. परंतु प्रत्येक वेळी एक प्रश्न मनात राहून जातो आणि तो आज जाहीरपणे मांडावासा वाटतो. हे यंत्र सहा महिन्यांनी बंद पडले, तर त्याची दुरुस्ती, त्याचे सेल (बॅटऱ्या) आणि त्याचे बदलावे लागणारे भाग यांचे पैसे कोणी द्यायचे?

माझी नात दहा वर्षांची आहे आणि इंदूरच्याच एका खासगी शाळेत पाचवीत शिकते. तिला दोन्ही कानांनी जन्मापासून कमी ऐकू येते. उंच पट्टीचे ध्वनी तिच्या कानापर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि आपल्या बोलण्यातला ‘स’ नेमका त्याच पट्टीत येतो. मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, तरी ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत केवळ एका ‘स’चे अंतर आहे, हे मला या मुलीमुळे कळले. गेल्या जुलैत तिच्या उजव्या कानाचे यंत्र पावसाळी ओलीने बंद पडले. दुकानदाराने ते दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवले आणि ते परत यायला तेवीस दिवस लागले. मधल्या काळात वापरायला दुसरे यंत्र मिळाले नाही. त्याच दिवसांत वर्गात संख्यांचे श्रुतलेखन झाले. बाईंनी साठ म्हटले, हिने ८ लिहिले. बाईंनी सदुसष्ट म्हटले, तिथे हिने जागा मोकळी सोडली. दहापैकी तीन गुण मिळाले आणि वहीवर लाल शाईत शेरा आला, ‘लक्ष नसते’. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. त्या बाईंना मी दोष देत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात, डोक्यावर चार पंखे गरगरत असताना, कोणाच्या कानातले यंत्र आज बंद आहे हे त्यांना कसे कळावे? यंत्र चालू असले, तरी ते बाईंच्या आवाजाबरोबर पंख्यांचा आवाजही मोठा करते. शिवाय बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून पहिल्या बाकावरच्या आणि चौथ्या बाकावरच्या ऐकण्यात फार मोठा फरक पडतो.

गणिताची सवय असल्यामुळे मी एका वर्षाचा हिशोब लिहून ठेवला. दोन्ही यंत्रांना मिळून वर्षाला सुमारे सत्तर सेल लागतात, कारण एक सेल जेमतेम दहा-अकरा दिवस चालतो. सहा सेलची पट्टी आम्हाला अडीचशे रुपयांना पडते. म्हणजे वर्षाला बारा पट्ट्या, ३,००० रुपये. त्यानंतर कानात बसणारा मऊ मोल्ड येतो. मूल वाढते तसा कानही वाढतो आणि मोल्ड सैल पडतो. तो सैल झाला की आवाज बाहेर निसटतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागते. नात डबा खाताना जबडा हलला की शिट्टी वाजायची आणि शेजारच्या मुली हसायच्या. मग ती मधल्या सुट्टीत यंत्रे काढून कंपासपेटीत ठेवू लागली. वर्षातून दोनदा मोल्ड बदलायचे तर त्याचे ३,२०० रुपये होतात. कडक झालेल्या नळ्या बदलणे आणि ओल शोषणाऱ्या डबीतल्या गोळ्या आणणे, यांचे ६०० रुपये. त्या जुलैतल्या दुरुस्तीला ४,५०० रुपये लागले. ही सारी बेरीज ११,३०० रुपये होते. यंत्रांची जोडी आम्ही ५८,००० रुपयांना घेतली. ती पाच वर्षे टिकेल असे धरले, तर एका वर्षाच्या वाट्याला ११,६०० रुपये येतात. थोडक्यात, यंत्राची जेवढी किंमत, जवळपास तेवढाच खर्च ते चालू ठेवण्याचा आहे. आठवड्यातून एकदा स्पीच थेरपीला नेतो, त्याचे १९,२०० रुपये मी यात धरलेलेच नाहीत. ते धरले तर यंत्राची किंमत सोडूनही वर्षाला ३०,५०० रुपये लागतात. माझ्या मुलाचा पगार महिन्याला ३४,००० रुपये आहे.

या ३४,००० मुळेच आम्ही योजनेबाहेर पडतो. दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची ‘अ‍ॅडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे आणि तिने लाखो लोकांच्या हातांत काठी, कुबडी, तिचाकी, श्रवणयंत्र दिले, याबद्दल मला आदरच आहे. मात्र तिच्यात पालकांचे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, त्यापुढे ३०,००० रुपयांपर्यंत निम्मी आणि त्याहून वर काहीच नाही, अशी उत्पन्नाची पायरी आहे. आयकराच्या जुन्या प्रणालीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्वासाठी १,२५,००० रुपयांची वजावट आहे. नव्या प्रणालीत तीही नाही. पण ज्याचा पगार कर भरण्याइतका नाहीच, त्याने वजावट कशातून मिळवायची? मदत मिळण्याइतकी गरिबी नाही आणि सवलत मिळण्याइतकी श्रीमंती नाही, अशा दोन भिंतींच्या मध्ये आपल्या शहरातली कितीतरी नोकरदार कुटुंबे उभी आहेत. पीथमपूरच्या कारखान्यांत आणि सांवेर रोडच्या गोदामांत काम करणारेही काही जण याच पगाराचे आहेत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की कायद्याने ही पायरी घातलेलीच नाही. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ च्या सतराव्या कलमात शासनावर सरळ जबाबदारी टाकली आहे की, चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, अन्य शिक्षणसाहित्य आणि योग्य सहायक साधने विनामूल्य द्यावीत. त्या वाक्यात पालकांच्या पगाराचा उल्लेख नाही. एकतिसाव्या कलमाने सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मूल शाळेत बसले आणि त्याला ऐकूच आले नाही, तर त्या मोफत शिक्षणातले काय त्याच्या पदरात पडले? बाक आणि फळा यांना आपण शिक्षणाचा खर्च मानतो. त्या फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंचा आवाज मुलाच्या कानापर्यंत नेणारा सेल मात्र वैद्यकीय खर्च, पर्यायाने घरचा खर्च ठरतो. हे वर्गीकरणच मला चुकीचे वाटते.

शालेय शिक्षणासाठी असलेल्या शासनाच्या समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. पण ही रक्कम मुलाच्या हातात पडत नाही. तपासणी, साधने, ने-आण, ब्रेल पुस्तके, शिक्षकांची मदत असे पुष्कळ काही तिच्यातूनच भागवायचे असते. मुलींना त्याशिवाय दरमहा २०० रुपये दहा महिने मिळतात, म्हणजे वर्षाला २,०००. वर लिहिलेला सेलचा ३,००० चा आकडा समोर ठेवला, तर या भत्त्यातून आठ महिन्यांचे सेल येतात. उरलेले चार महिने मुलीने काय करायचे?

ही अडचण केवळ मधल्या उत्पन्नाच्या घरांची आहे, असे कोणी समजू नये. एका मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयातील जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत, मी अर्ज घेऊन बसले होते. शेजारी घरकाम करणारी एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. समग्र आयडी (राज्य शासनाचा ओळख क्रमांक), उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग कार्ड, सगळे तिच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेले होते. तिच्या मुलाला शिबिरात यंत्र मोफत मिळाले होते. ते कुठे आहे, असे विचारले तेव्हा तिने सांगितले की आठ महिन्यांपासून रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले आहे. मोल्ड सैल झाला, यंत्र शिट्टी मारू लागले आणि नवा मोल्ड कुठे बनतो हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. शासनाच्या नोंदीत तो मुलगा ‘लाभार्थी’ आहे. त्याला आठ महिन्यांपासून काहीही ऐकू आलेले नाही.

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात श्रवणसाधनाचे रोपण, झालेल्या मुलांची गत याहून अवघड आहे. आपल्या मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण उपचार योजना आहे आणि केंद्राच्या योजनेतूनही शस्त्रक्रियेला लाखो रुपये मिळतात. एवढा मोठा खर्च शासन उचलते, हे खरोखर मोठे काम आहे. पण कानामागे बसणारा प्रोसेसर, त्याची वायर, कॉइल आणि बॅटरी या झिजणाऱ्या वस्तू आहेत. हजारो रुपयांच्या एका भागावाचून लाखो रुपयांचे रोपण निकामी पडून राहते.

अंध विद्यार्थ्यांबाबत खर्चाचे गणित थोडे वेगळे आहे. माझा एक जुना विद्यार्थी आज विद्यापीठात एम. ए. करतो. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर तो वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते उभारायला घेतले आणि आजही ते विनामूल्य आहे. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत; लॅपटॉपला लागतात आणि ते वापरायला शिकवणाऱ्या माणसाला लागतात. शाळेत असताना त्याला साधने मिळाली, पण अठरावे वर्ष उलटताच कायद्यातली ती हमी संपली, आणि नेमकी तिथूनच जाडजूड पुस्तके सुरू झाली. जाता जाता एक गोष्ट लिहिते, कारण तिला एक पैसाही लागत नाही. आपल्याकडची कितीतरी सरकारी परिपत्रके अजूनही कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. असा मजकूर डोळ्यांना हिंदी दिसतो, पण वाचक-सॉफ्टवेअर तो निरर्थक रोमन अक्षरे म्हणून वाचते. दिव्यांगांच्या योजनेचाच अर्ज अंध मुलाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. तोच अर्ज युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केला की काम झाले.

माझी मागणी मोठी नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या साधनासाठी पालकांच्या उत्पन्नाची अट काढून टाकावी, आणि ते शक्य नसेल तर निदान मर्यादा तरी आजच्या महागाईला धरून वाढवावी. त्याहून आधी, ज्या मुलाला श्रवणयंत्र दिले आहे त्याच्या खात्यात दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडताना, सेल आणि मोल्डपुरती ठरावीक रक्कम आपोआप जमा व्हावी. त्यासाठी पुन्हा लोकसेवा केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागू नये. जिल्ह्यात किमान एका ठिकाणी दुरुस्ती आणि मोल्डची सोय असावी आणि दुरुस्ती चालू असेपर्यंत मुलाला बदली यंत्र मिळावे. वाचनालयात पुस्तक बदलून मिळते, तशी ही बदली व्हावी. पाच-दहा यंत्रे शिलकीत ठेवली तरी पुष्कळ मुलांची शाळा बुडणार नाही. वर सांगितलेल्या दिव्यांगजन कायद्याच्या अठ्ठ्याऐंशीव्या कलमात राज्य निधीची तरतूद आहे आणि कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा जो दोन टक्के भाग सामाजिक कामासाठी द्यावा लागतो, त्यात दिव्यांगांचे शिक्षण बसते. तेव्हा पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न अगदीच निरुत्तर नाही. कंपन्यांना नवे यंत्र देण्याचा समारंभ करता येतो, सेलच्या पट्टीचा समारंभ होत नाही, हे मला समजते. तरीही त्यांनी एका शाळेतल्या मुलांच्या पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी घ्यावी, अशी त्यांना कळकळीची विनंती आहे.

इंदूरच्या मराठी मंडळांनाही माझे सांगणे आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना बक्षिसे देतो. यंदा त्यातली थोडी रक्कम परिसरातल्या कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या मोल्डसाठी बाजूला काढता येईल. राजेंद्रनगरातल्या आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून अशी सुरुवात केली आहे आणि मागच्या महिन्यात त्या जनसुनवाईतल्या बाईंच्या मुलाचा नवा मोल्ड झाला. यंत्र पुन्हा चालू झाले. कानात घालताच त्याने पहिल्यांदा वर पंख्याकडे पाहिले.

आपल्या वाचकांत ज्यांच्या घरी असे साधन वापरणारे मूल आहे, त्यांनी गेल्या वर्षभरात त्याच्या देखभालीवर काय खर्च झाला तो पावत्यांसह लिहून आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावा, एवढे आवाहन आपण छापावे, ही विनंती. निदान पन्नास घरांचे हिशोब हाती आले तर मी ते एकत्र करून देईन आणि आम्ही काही पालक ते घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे जाऊ. सेलच्या पट्टीची पावती दुकानदार सहसा देत नाही. ती मागून घ्यावी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
राजेंद्रनगर, इंदूर