तुझ्या यादीवरून झालेलं भांडण

दादर, मुंबई
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझी दहा 'अत्यावश्यक' जॅझ अल्बमची यादी पोचली. आज बैठकीत ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि चहा येईपर्यंत दोन तट पडले. वकीलसाहेब संपूर्ण तुझ्या बाजूनं. डॉक्टर म्हणाले, "ही यादी कुठल्याही मासिकातून उतरवून काढता येईल." पेटीवाले काका नेहमीप्रमाणे गप्प बसले आणि शेवटी एकच वाक्य बोलले, ते पुढे सांगतो. मी कुठल्या बाजूला होतो हे तुला कळलं असेलच, नाहीतर एवढं लांबलचक पत्र कशाला लिहिलं असतं!

आधी तुझीच दहा नावं तुला वाचून दाखवतो: काइंड ऑफ ब्लू, टाइम आउट, मिंगस आह अम, जायंट स्टेप्स, सॅक्सोफोन कोलोसस, ब्रिलियंट कॉर्नर्स, मोनिन, वॉल्ट्झ फॉर डेबी, आउट टू लंच, अ लव्ह सुप्रीम. यातली एकही रेकॉर्ड वाईट नाही, त्यावर वादच नाही. पण मी समासात ध्वनिमुद्रणाच्या तारखा लिहीत गेलो आणि थबकलो. सगळ्यात जुनी जून १९५६ची, सगळ्यात नवी डिसेंबर १९६४ची. साडेआठ वर्षं! त्यातही चार एकट्या १९५९मधल्या. माणसंही तीच. सॅक्सोफोनवाल्यांतला कोल्ट्रेन तीन ठिकाणी, रोलिन्स दोन ठिकाणी, पॉल चेंबर्सचा बास तीन ठिकाणी (ब्रिलियंट कॉर्नर्समधल्या 'बेम्शा स्विंग'वर तो आहे, कव्हर बघ). न्यू ऑर्लिन्सपासून आजपर्यंत शंभराहून जास्त वर्षं वाजत आलेल्या संगीताची 'अत्यावश्यक' यादी तू करतोस आणि ती एका मुलाच्या चौथीपर्यंतच्या आयुष्यात मावते, हे तुला खटकलं नाही?

यामागचं कारण मला ठाऊक आहे. ही एलपीची यादी आहे, जॅझची नाही. लाँग प्ले रेकॉर्ड कोलंबियानं बाजारात आणली १९४८ साली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली, मग सलग चाळीस मिनिटांचा विचार करून वाजवणं सुरू झालं, आणि त्याची बहार आली ती नेमकी तुझ्या त्या साडेआठ वर्षांत. त्याआधी होती मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी. तीन मिनिटं, फार तर सव्वातीन. ज्यांनी हे संगीत उभं केलं त्यांचं उत्तम काम त्या तीन मिनिटांत आहे आणि 'दहा अल्बम' म्हटलं की ते आपोआप दाराबाहेर राहतं. आपण तरी असं करू नये. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ऐकत मोठे झालेले लोक आपण. मिरजेच्या त्या माणसाच्या हयातीत एलपी निघालीच नव्हती म्हणून किराणा घराण्याच्या यादीतून त्याला कुणी वगळेल? वकीलसाहेबांना मी हेच विचारलं. ते अशिलाची तारीख पडल्यासारखे चहाकडे वळले.

तर माझा पहिला आग्रह लुई आर्मस्ट्राँगचा. २८ जून १९२८, शिकागो, 'वेस्ट एंड ब्लूज'. सुरुवातीला बारा-तेरा सेकंद एकटा ट्रम्पेट, साथीला कुणी नाही. आधी चार ठोस स्वर, मग वर जाऊन अशी काही घसरण की लय कुठे आहे हे शोधताना आपलीच धांदल उडते, आणि तरी तो उतरतो तो अगदी जागेवर. चाल किंग ऑलिव्हरची, पियानोवर अर्ल हाइन्स. शेवटच्या आवर्तनात लुई वरचा एक स्वर जवळजवळ चार मात्रागट धरून ठेवतो, नुसता धरून, आणि मग एकदम फुटतो. जॅझमध्ये एकट्यानं पुढे येऊन आपलं म्हणणं मांडायची जी रीत आहे, तुझ्या दहाच्या दहा रेकॉर्डी जिच्यावर उभ्या आहेत, ती इथे घडताना ऐकू येते. डॉक्टरांनी लावली. खरखर आहे, मान्य. खरखरीतून ऐकायची आपल्याला सवय नाही की काय?

दुसरा सॅक्सोफोनवाला कोलमन हॉकिन्स, ऑक्टोबर १९३९चं 'बॉडी अँड सोल'. मूळ चाल तो सुरुवातीच्या काही मात्रांत जेमतेम दाखवतो आणि सोडून देतो, पुन्हा तिच्याकडे वळूनसुद्धा बघत नाही. तिसरा चार्ली पार्कर, तोही सॅक्सोफोनवालाच, २६ नोव्हेंबर १९४५चं 'को-को'. 'चेरोकी' या गाण्याच्या स्वरसंगतींवर (कॉर्ड्सवर) बांधलेलं, बेफाम द्रुत. पहिला टेक अर्धवट तुटलेला आहे, कारण मंडळी 'चेरोकी'ची मूळ धूनच वाजवायला लागली होती. पार्कर तेव्हा पंचवीस वर्षांचा. आणि यात एक हळहळण्यासारखी गोष्ट आहे. १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. मोठ्या कंपन्यांतल्या शेवटच्या दोन नमल्या त्या नोव्हेंबर १९४४मध्ये. बीबॉप, म्हणजे पार्करच्या पिढीचं हे नवं द्रुत जॅझ, नेमकं त्याच काळात हार्लेमच्या क्लबांमधून आकाराला येत होतं. म्हणजे एवढी मोठी उलथापालथ झाली आणि तिची मधली पानं जवळजवळ कोरी! म्हणून 'को-को' ऐकताना हा आवाज आभाळातून पडला असं वाटतं. तो पडलेला नाही, आधीचा प्रवास आपल्यापर्यंत पोचलेला नाही एवढंच.

आता तुझा पहिला नंबर. माइल्स डेव्हिसच्या काइंड ऑफ ब्लूला हात लावायची माझी छाती नाही, पण पेटीवाल्या काकांचं ते वाक्य ऐक. डॉक्टरांकडची जुनी प्रत लागली होती, 'सो व्हॉट' चालू होतं. काकांनी भाता हलवला, दोन पट्ट्या दाबल्या आणि म्हणाले, "पांढरी दोन आहे म्हणता, पण हा चढा लागतोय." वकीलसाहेब हसले. काका बरोबर होते! २ मार्च १९५९च्या बैठकीत कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत मुख्य टेपयंत्र किंचित मंद फिरत होतं. तीच टेप योग्य वेगानं वाजवली की सूर चढणारच. त्या दिवशी मुद्रित झालेली तिन्ही गाणी पहिल्या बाजूवर आहेत, म्हणून ती अख्खी बाजू चढी, आणि २२ एप्रिलची दुसरी बाजू ठीक. नव्वदच्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून हे दुरुस्त केलं. म्हणजे जगभरातल्या लोकांनी तीसएक वर्षं ही रेकॉर्ड चढ्या सुरात ऐकली, तिच्याबरोबर वाजवून शिकले, आणि बोटं का जुळत नाहीत म्हणून स्वतःच्या वाद्याला दोष देत राहिले असतील. दादरच्या एका पेटीनं ते चहा निवायच्या आत पकडलं.

मग काकांनाच पुढे विचारलं, यात राग कुठला दिसतो? त्यांनी पांढरी दोनला सा धरला आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या. काफी थाट! आपल्या लोकांना ही रेकॉर्ड लगेच का आवडते त्याचं निम्मं उत्तर यात आहे. सतत बदलणाऱ्या स्वरसंगतींचं जंगल नाही, एकाच स्वरसप्तकात निवांत फिरणं आहे. पण उरलेलं निम्मं जास्त गमतीचं. सोळा बार, म्हणजे मात्रागट, झाले की सगळे मिळून अर्धा स्वर वर सरकतात, काळी दोनला. आठ बार तिथे, मग परत खाली. म्हणजे चक्क सा हलतो! काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "घर उचलून शेजारी ठेवलं की काय यांनी," म्हणाले. तेव्हा 'हे आपल्या रागासारखंच आहे' असं जे तू तिकडच्या लोकांना सांगत फिरतोस, ते बंद कर. वादी नाही, संवादी नाही, पकड नाही, आणि षड्ज स्थिर नाही. मजा आहे ती जवळ येऊन निसटण्यात.

जायंट स्टेप्स मात्र मी काढणार. थांब, शिव्या देऊ नकोस. मे १९५९मध्ये अटलांटिक कंपनीसाठी दोन रेकॉर्डी झाल्या. न्यूयॉर्कमध्ये कोल्ट्रेन, आणि त्याच महिन्यात हॉलिवूडमध्ये ऑर्नेट कोलमन, द शेप ऑफ जॅझ टू कम. जायंट स्टेप्सच्या मुख्य गाण्यात बहुतेक दर दोन मात्रांना स्वरसंगती बदलते, तीही भलत्याच ठिकाणी उडी मारून. बिचाऱ्या टॉमी फ्लॅनगनचा पियानो त्या वाटेवर अडखळतो आणि तो अडखळणारा टेकच छापला गेला. (१९८२ साली त्यानं जायंट स्टेप्स याच नावाची आपली रेकॉर्ड केली. याला म्हणतात चिकाटी.) कोल्ट्रेन स्वतः मात्र पाण्यासारखा वाहतो. पण ते ऐकताना मला परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. याउलट ऑर्नेटनं पियानो काढूनच टाकला. प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन, डॉन चेरीचा कॉर्नेट, चार्ली हेडनचा बास, बिली हिगिन्सचे ड्रम्स. 'लोन्ली वुमन'मध्ये खाली ड्रम्स धावत असतात आणि वर ती चाल शोकाकुल बाईसारखी आपल्याच गतीनं चालते. स्वरसंगतींच्या प्रश्नाला एकाच महिन्यात मिळालेली ही दोन उत्तरं आहेत आणि पुढे जास्त लोकांना रस्ता दिला तो ऑर्नेटनं. १९५९मधूनच चार घ्यायच्या तर हा पाहिजे होता. वकीलसाहेब म्हणतात हा बेसूर आहे. ते केसरबाईंनंतर कुणालाच सुरेल म्हणत नाहीत.

टाइम आउटही जाईल. ब्रुबेकनं तुर्कस्तानातल्या रस्त्यावर ऐकलेली नऊ मात्रांची दोन-दोन-दोन-तीन चाल आपल्या तबलजींना भारी आवडते, आवडू दे. आपण ती पुष्कळ वाजवली आहे. मोनिनबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही, जागा हवी म्हणून काढतोय. सॅक्सोफोन कोलोससला मात्र कुणी हात लावायचा नाही. रंगभवनात १९७८च्या पहिल्या जॅझ यात्रेत रोलिन्स ऐकलेली माणसं आपण.

ड्यूक एलिंग्टन नाही हे तर अक्षम्य. मला माहीत आहे तू त्याच्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातल्या रेकॉर्डला 'तमाशा' म्हणतोस. ७ जुलै १९५६ची रात्र, 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू', पॉल गोन्साल्व्हिसची टेनर सॅक्सोफोनवर सत्तावीस आवर्तनं. पण तू ऐकलास तो बहुतेक जुना एलपी, ज्यात बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चढवलेल्या आहेत. गोन्साल्व्हिस कोलंबियाच्या माइकऐवजी व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकसमोर उभा राहिला होता, म्हणून कोलंबियाच्या टेपवर तो लांबून आल्यासारखा वाटतो. १९९९च्या आवृत्तीत दोन्ही टेपा जुळवून खरी रात्र परत मिळवली आहे. ती ऐक आणि मग बोल. आपल्या बैठकीतले गोंयकार त्याला आडनावावरून दर वेळी मडगावचा ठरवतात. त्याचे आईवडील केप व्हर्डचे, म्हणजे नातं आहे ते फक्त पोर्तुगीज राजवटीचं. तुला न्यूपोर्ट नकोच असेल तर फार ईस्ट सूट घे. १९६३मध्ये ड्यूकचा वाद्यवृंद हिंदुस्थानात येऊन गेला, मुंबईतही वाजवला, आणि डिसेंबर १९६६मध्ये हे मुद्रित झालं. त्यात दिल्लीची साळुंकी आहे जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर, आणि आग्रा आहे हॅरी कार्नीच्या बॅरिटोन सॅक्सोफोनवर. सतार नाही, तंबोरा नाही, सगळा वाद्यवृंद स्वतःच्याच भाषेत बोलतो. म्हणूनच मला ती पटते.

आणि बिली हॉलिडे? दहांत एकही गायिका नाही याची तुला लाज वाटायला हवी. डॉक्टरांचं मत लेडी इन सॅटिनला, तिच्या फाटलेल्या शेवटच्या आवाजाला. मला ते ऐकवत नाही. मी १९३७ची बिली घेईन, मागे टेडी विल्सनचा पियानो आणि लेस्टर यंगचा टेनर.

अ लव्ह सुप्रीम राहू दे. फक्त एक कर. चौथा भाग, 'साम', ऐकताना कव्हरच्या आत छापलेली कोल्ट्रेनची कविता डोळ्यांसमोर धर. तो सॅक्सोफोनवर ती कविता अक्षरशः शब्दाशब्दानं म्हणतोय. पूर्वी आपल्याकडे फिरणाऱ्या कॅसेटला आतलं कव्हर कुठलं! म्हणून आपण त्याला नुसता आलाप समजत होतो. आणि लेका, तू न्यूजर्सीत एडिसनला राहतोस. रूडी व्हॅन गेल्डरचा एंगलवूड क्लिफ्समधला स्टुडिओ, जिथे ९ डिसेंबर १९६४ला हे झालं, तुझ्यापासून गाडीनं तासाभरावर असेल. एखाद्या रविवारी निदान बाहेरून तरी बघून ये.

हिशेब असा: जायंट स्टेप्स, टाइम आउट, मोनिन बाहेर. आउट टू लंच आणि वॉल्ट्झ फॉर डेबी यांतली एक तू काढ, मला धीर होत नाही. आत येणार आर्मस्ट्राँग, पार्कर, ऑर्नेट आणि ड्यूक. हॉकिन्स आणि बिलीसाठी जागा कशी करायची ते डिसेंबरात तू आलास की भांडून ठरवू. वकीलसाहेबांनी तुझ्या बाजूनं लेखी कैफियत तयार करायला घेतली आहे, म्हणजे तू एकटा नाहीस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू

ता. क. ॲलिस कोल्ट्रेनची जर्नी इन सच्चिदानंद यादीत का नाही, असं हिनं विचारलंय. माझ्याकडे उत्तर नव्हतं, तुझा फोन नंबर दिला आहे.